टेकडीची पाठ

अप्पा, तुम्ही गेलात आणि सुटलात. निस्तरायला मी आहेच.

आठ वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि या आठ वर्षांत मी तुमच्यावर फारशी रागावले नव्हते. गेलेल्या माणसावर रागवून करायचं काय? पण आज शनिवार, सुट्टीचा दिवस, जरा निवांत पोहे करावेत म्हणून उठले, तर दुबईतल्या, अल मनखूलमधल्या आमच्या या एवढ्याशा हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर रव्याची अख्खी पिशवी ओतलेली. कालच आणलेला बारीक रवा. आणि तुमचा नातू, सतरा वर्षांचा घोडा, कोपरापर्यंत पांढरा होऊन त्या रव्याची टेकडी करतोय. पायथ्याशी लवंगा उभ्या केलेल्या, ती ताडाची झाडं. मिरीचे दाणे म्हणजे आपले जवान. माथ्यावर माझ्या मसाल्याच्या डब्यातलं दालचिनीचं कांडं आडवं ठेवलेलं, ती मशीनगन. मला विचारावंसुद्धा लागलं नाही की हे काय आहे म्हणून. तुमची टेकडी मी झोपेतही ओळखेन. मी कपाळाला हात लावला, तर म्हणतो, "मॉम, चिल. नंतर मी क्लीन करतो ना." डोंबल करतो क्लीन. तुम्ही तरी कधी केलं होतं?

ही सगळी तयारी कशासाठी, ते ऐका. येत्या गुरुवारी तो भारतात चाललाय. फौजेत अधिकारी व्हायची लेखी परीक्षा त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जाऊन दिली, आम्हाला वाटलं एक हौस आहे, फिटेल. तो पास झाला. आता पाच दिवसांची मुलाखत. तिथे म्हणे टेबलावर असंच नदी-डोंगर-गाव मांडून ठेवतात आणि विचारतात, आता तुम्ही काय कराल? त्याची ही प्रॅक्टिस. आणि तुम्हाला फौजेत का यायचंय, असं विचारलं की सांगायचं उत्तर त्याने घोकून ठेवलंय. तुमची टेकडी. आजोबांनी ती टेकडी कशी जिंकली, ते तो त्या साहेबलोकांना साग्रसंगीत सांगणार आहे. दुबईत जन्मलेलं पोर, मराठीत दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत, पण तुमची टेकडी त्याला पाठ आहे. आणि ती अर्धी आहे, अप्पा. उरलेली अर्धी माझ्याकडे देऊन तुम्ही निघून गेलात.

तुमच्या त्या सँड मॉडेलला मी लहानपणापासून वैतागलेली आहे, हे तोंडावर कधी बोलले नाही, आज बोलते. हल्ल्याआधी जमिनीवर मातीची टेकडी करायची, सगळ्या पोरांना भोवती बसवायचं, आणि कुणी कुठून चढायचं ते काठीने दाखवायचं, ही फौजेची पद्धत. ठीक आहे, फौजेत करा. पण माणूस रिटायर होऊन घरी आला तरी त्याचं सुरूच! माझ्या लग्नाचं मॉडेल तुम्ही अंगणात केलं होतं. राखेचा मांडव, विटेचं स्टेज, इकडून येणारे पाहुणे म्हणजे बटाटे आणि नवऱ्यामुलाकडची मंडळी म्हणजे कांदे. चार काकांना आणि दोन मामांना उकिडवं बसवून तुम्ही काठीने दाखवत होतात की वरात कुठून शिरणार आणि पंगत कुठून उठणार. शेवटी कडक आवाजात विचारलंत, "कोई शक?" धाकटा मामा म्हणाला, "दाजी, नवरी कुटनं हल्ला करनार?" सगळे खो-खो हसले, तुम्ही नाही हसलात. आणि हे सगळं झालं की तुमचा तो ठरलेला प्रश्न. मागनं बगितलंस का? म्हैस घ्यायची असो, फ्रीज घ्यायचा असो, तुम्ही आधी मागे जाणार. मला बघायला आलेल्यांच्या घरी परतीच्या भेटीला गेलात, तर चहा टाकून घराच्या मागे जाऊन त्यांची मोरी बघून आलात. आई म्हणाली होती, "अहो, पोरगी द्यायचीय तिथं, दरोडा न्हाई घालायचा." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आणि इथे आलात तेव्हा? ती एकच थंडी तुम्ही आमच्याकडे राहिलात. आम्ही घर बदलायला बघत होतो. एक फ्लॅट इतका छान होता, खाली पार्क, बस जवळ, भाडं आम्हाला झेपणारं. ब्रोकर केरळचा होता, बिचारा हातात किल्ल्या घेऊन उभा, आणि तुम्ही लिफ्टमध्ये न चढता बिल्डिंगला वळसा घालून मागे निघालात. तो ओरडतोय, "चाचा, पीछे कचरा है, कुछ नहीं है, आगे देखो! यल्ला चाचा, चलो, दूसरी पार्टी आ रहा है!" तुम्ही शांतपणे कचऱ्याची खोली बघितली, एसीची यंत्रं बघितली, जिना बघितला. परत येईपर्यंत दुसऱ्या पार्टीने टोकन देऊन टाकलं होतं. खलास. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. त्यानंतर मिळाला तो हाच फ्लॅट, ज्याच्या खिडकीतून मला रोज समोरच्या बिल्डिंगची मागची बाजू दिसते. तुम्हाला फार आवडली होती ती खिडकी.

त्याच थंडीत आपण खोर फक्कानला गेलो. पोरगा तेव्हा आठ वर्षांचा, तुम्हाला चिकटलेला. समुद्राच्या काठावर मी चटई अंथरून थालीपीठं काढतेय, आणि तुम्ही दोघं ओल्या वाळूत बसलेले. तुमचा हात काय सुरेख चालायचा, अप्पा. कुंभाराच्या घरातला हात, माझ्या आजोबांच्या बरोबर बसून गणपती केलेला. बघता बघता टेकडी उभी राहिली, तिच्यावरची वाट, ओढा, खडक. आणि तुम्ही सांगायला लागलात. लंकेतली लढाई. त्या देशातलीच माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि मध्ये आपली फौज. टेकडीवर त्यांनी ठाण मांडलेलं, खालचा रस्ता सगळा त्यांच्या माऱ्यात. पहाटे पायथ्याच्या ओढ्यातून निघायचं. ओढ्यात गुडघाभर चिखल, बोलायचं नाही, खोकायचं नाही, एकाला शिंक आली तर त्याने स्वतःचं मनगट चावलं. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पोरगं लगेच स्वतःचं मनगट तोंडात घालून बसलं. मग पहिला खडक, तिथून मशीनगन सुरू झाली. डावीकडची पोरं दबली, मान वर काढता येईना. तुम्ही उजवीकडून, वाटेने नाही, घसरड्या बाजूने, हाताने झुडपं धरत. दगड निसटतायत, मागच्याच्या डोक्यात पडतायत, तो शिव्या देतोय पण चढतोय. तोफखान्याचा मारा थांबला की लगेच धावायचं, थांबून श्वास घ्यायला गेला तो मेला. तुम्ही ग्रेनेड फेकल्याची नक्कल शिंपल्याने केलीत. मग जयजयकार, आणि तुम्ही दोन्ही हात वर करून उठलात. "आन् टेकडी आपली!" पोरगं वाळूत उड्या मारायला लागलं. शेजारी एक अरबी कुटुंब बसलं होतं, त्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. कर्म माझं, मीही वाजवल्या.

आणि मग गाडीपाशी. पोरगा आत बसून खेळत होता, मी डिकीत चटई कोंबत होते, आणि तुम्ही गावामागच्या डोंगराकडे बघत उभे. मी म्हटलं, चला ना अप्पा, उशीर होतोय. तुम्ही म्हणालात, "ह्यो डोंगुर बग. हितनं एकच दिसतोय का न्हाई? येताना आपन वरनं आलो, तवा बगितलं म्या. ह्येच्या मागं दुसरा हाय. ह्येच्यापरीस उंच." मी म्हटलं, असेल. तुम्ही म्हणालात, "तितं बी व्हता."

मग तुम्ही मला सांगितलंत, डोंगराकडे बघत, एकदाही माझ्याकडे न बघता. "मॉडेल म्या केलं व्हतं. साब म्हनले, तुजा हात चांगला हाय, तूच कर. नकाशात येकच माथा. खालनं बी येकच दिसायचा. म्या म्होरली बाजू अशी केली, दगूड न् दगूड दावला, पोरं म्हनली वा. आन् मागनं नुसता हात फिरवला. ओला हात. गनपतीच्या पाठीवनं फिरवतू तसा." गणपती भिंतीला टेकून बसतो, अप्पा, त्याची पाठ कोण बघणार? तुम्ही लहानपणापासून हजार पाठी अशाच गुळगुळीत केल्या असतील. साहेबाने विचारलं, पीछे क्या है? तुम्ही म्हणालात, ढलान है साब. आणि पोरांनी तीच टेकडी डोक्यात बसवली. वर पोचली तेव्हा त्यांना वाटलं, संपलं. ती उभी राहिली, एकमेकांना मिठ्या मारायला लागली, कऱ्हाडकडच्या एका पोराने तर हेल्मेट काढून डोकं पुसलं. मागच्या माथ्यावर दुसरी मशीनगन होती. एवढं सांगून तुम्ही गाडीच्या टपावर हात ठेवलात. मग म्हणालात की दुसऱ्या दिवशी तो मागचा माथाही घेतला, आणि तिथे जी पोरं सापडली त्यांना मिसरूडसुद्धा फुटलेली नव्हती, एक जण जीव जाईपर्यंत अम्मा अम्मा करत होता. "त्येंच्या घरातलं भांडान. आन् आपन मदी." तुमच्या तोंडून मी फौजेबद्दल तेवढं एकच कडू वाक्य ऐकलंय.

मी तुमच्या हातात पाण्याची बाटली दिली. तुम्ही पाणी प्यायलात आणि वर मलाच हुकूम सोडलात. "पोराला सांग. आत्ता नगं, मोटा झाल्यावर. माझ्याच्यानं हुनार न्हाई." वा! पुढची बाजू तुम्ही रंगवून सांगणार, टाळ्या घेणार, आणि मागची मी सांगायची. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. तेव्हापासून हे ओझं मी वागवतेय. तो दहावीत होता तेव्हा वाटलं, अजून लहान आहे. अकरावीत वाटलं, परीक्षा आहेत. आणि फौजेचं खूळ डोक्यात शिरल्यापासून वेगळाच घोळ झाला. त्याने जाऊ नये असं मला वाटतं, अप्पा. साफ वाटतं. एकुलता एक आहे. इथे चांगलं कॉलेज मिळेल, नोकरी मिळेल, नाहीतर कॅनडाला जाईल, सगळ्यांची जातात तसा. त्याचा बाप म्हणतो, त्याला ठरवू दे. बापाचं काय जातंय असं म्हणायला? आणि मला माहीत होतं की तुमची उरलेली गोष्ट सांगितली तर पोरगा जागच्या जागी थांबेल. म्हणूनच सांगवत नव्हती. तुमचं दुखणं पोराला धाक दाखवायला वापरायचं, हे काही मनाला पटेना. बघा, मेल्यावरसुद्धा तुमचीच मर्जी सांभाळतेय.

तर आज सकाळी. तो मला काठीने, म्हणजे माझ्या उलथन्याने, दाखवतोय. इथून ओढा, इथे मशीनगन, उजवीकडून आजोबा. चेहरा अगदी तुमचा. मी पोह्यांचा नाद सोडून बघत उभी राहिले. आणि मला दिसलं की टेकडीची भिंतीकडची बाजू त्याने एकदम गुळगुळीत केलीय. हात फिरवून. माझ्या तोंडून निघून गेलं, "मागून बघितलंस का?" माझाच आवाज मला तुमचा वाटला. तो म्हणाला, "देअर्स नथिंग देअर, मॉम. इट्स जस्ट अ स्लोप. आजोबांनी पण असंच केलं होतं, आय रिमेंबर." म्हणजे खोर फक्कानच्या वाळूतसुद्धा, अप्पा? सगळं ठाऊक असूनसुद्धा? तुमच्या हाताने तिथेही तेच केलं?

माझं डोकंच फिरलं. मी डब्यातला उरलेला जुना रवा घेतला आणि सगळाच्या सगळा त्याच्या टेकडीच्या मागे ओतला. पहिल्या माथ्याहून चार बोटं उंच. दालचिनीचं दुसरं कांडं त्यावर ठेवलं. आणि सांगून टाकलं. ओला हात, ढलान है साब, मिठ्या, हेल्मेट, सगळं. अम्मासुद्धा. काही गाळलं नाही. तो मिरीच्या दाण्यांकडे बघत राहिला. माथ्यावर त्याने ते झेंडा रोवल्यासारखे दाटीने मांडले होते. मग हळूच म्हणाला, "सो ही गॉट देम किल्ड." आणि लगेच, "अँड देन ही टोल्ड मी वी वन." उलथनं टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "आय डोंट वाँट टू गो. तिकीट कॅन्सल कर."

झालं ना! इतके महिने देवापुढे जे मागत होते ते दोन वाक्यांत पदरात पडलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, बरं बाळा. फोन शेजारीच होता. आणि मी काय केलं? मी त्याच्यावर फाडकन ओरडले. "तोंड सांभाळून बोल. तुझे आजोबा आहेत ते." आणि मग जी सुटले ती थांबेचना. म्हटलं, साहेबाने मॉडेल बघितलं नव्हतं? नकाशा कुणी काढला होता? त्या टेकडीकडे शंभर माणसांनी बघितलं असेल, कुणाला दिसला दुसरा माथा? आणि चूक झाल्यावर हा माणूस पळाला नाही, दुसऱ्या दिवशी परत त्याच टेकडीवर चढला. आणि त्यानंतर जन्मभर, म्हटलं, जन्मभर तो प्रत्येक गोष्टीच्या मागे जाऊन बघत राहिला, म्हशीच्या, फ्रीजच्या, तुझ्या बापाच्या घराच्या, आणि आम्ही सगळे त्याला हसलो. हे बोलताना मला रडू यायला लागलं, त्याचाही राग आला. मला तुमची वकिली करायचीच नव्हती, अप्पा! मला तुमच्याशी भांडायचं होतं.

पोरगा माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "दॅट्स व्हाय? मागनं बगितलंस का... दॅट्स व्हाय?" तुमची नक्कल त्याला बरोबर जमते. मी मान हलवली. तो उठला. आमच्या टेबलाच्या आणि भिंतीच्या मध्ये वीतभर जागा आहे, तिथे तो अंग चोरून घुसला, वाकला, आणि मागच्या माथ्याच्या पातळीवर डोळा आणून बघत बसला. बराच वेळ. शेवटी तिथूनच म्हणाला, "फ्रॉम हिअर यू कॅन सी एव्हरीवन, मॉम." मी म्हटलं, बाहेर ये, पोहे करते. बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, "आय विल टेल देम धिस वन. दोन्ही माथे." आणि पोहे खाऊन फुटबॉलला गेला. रवा तसाच टाकून, अर्थात.

आता दुपार झालीय. मी त्या टेकडीशेजारी कोपऱ्यात जागा करून हे लिहितेय. कागदावर रवा सांडतोय, पेन अडकतंय. गुरुवारचं तिकीट आहे तसंच आहे. संध्याकाळी त्याच्यासाठी काळे बूट आणायला जायचंय, आणि त्याच्या बापाला काय झालं ते सांगायचंय. हे लिहून कुठे पाठवणार आहे मी? पत्ता तुम्ही ठेवला नाहीत, कामं मात्र ठेवून गेलात. हा रवा चाळून घेतला तर शिऱ्याला चालेल, म्हणून मघाशी भरायला घेतला होता. पुढची बाजू भरली. मागच्या माथ्याला हात लावला आणि तसाच काढून घेतला.

एक गोष्ट त्याच्या बापालाही सांगणार नाहीये, तुम्हाला सांगते. पोरगा थांबला होता, अप्पा. दोन मिनिटं माझा मुलगा माझ्यापाशी थांबला होता, तिकीट कॅन्सल कर म्हणत होता. पण तो तुमच्याबद्दल तसं बोलला, ते मला सहन झालं नाही. मीच त्याला परत जायला उठवलं.